म्हाताऱ्या राखणदारणीची गाठ

माकणीच्या तेरणा धरणाकाठी दहा-बारा वर्षं वस्ती राखलेल्या कुत्रीच्या सडाजवळ हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, तर ती बोराएवढी होईपर्यंत थांबू नका. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. जननेंद्रियावरचा, एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा कर्करोग तर आठवड्याला एक, अशा चार-सहा इंजेक्शनांनी बहुधा बरा होतो. ते औषध, व्हिन्क्रिस्टीन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीत सापडलं! इतर गाठींसाठी खर्च किती आणि सुखाचे दिवस किती मिळतील, हे डॉक्टरांना आधीच विचारा. ऑपरेशन झेपलं नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. दुखणं कमी करणं हाही उपचारच. मात्र माणसांची आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका, ती कुत्र्याला घातक ठरते. भाकरी कोमट पाण्यात कुस्करून कुत्रीला हातानं भरवा.