आधी रब्बी ठरवा, मग सोयाबीन



भोपाळहून बैरसियाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन दिसते. दिसायला एकच, पण चढावरच्या तुकड्यात हातभर खाली मुरूम लागतो, आणि नाल्याकाठची भारी जमीन पाऊस पडला की आठ-आठ दिवस पाय ठेवू देत नाही. पन्नास-साठ एकरांच्या शेतात हे दोन्ही प्रकार असतात, तरी आपण एकच वाण या टोकापासून त्या टोकापर्यंत पेरतो. मीही एका वर्षी तेच केलं. सगळं सोयाबीन एकाच आठवड्यात पिकलं, हार्वेस्टर मिळेना, त्यात परतीचा पाऊस. शेंगा उभ्या झाडावर फुटल्या.

तेव्हापासून मी मे महिन्यात वही घेऊन बसतो आणि रब्बीपासून मागे मोजत येतो. विहिरीचं पाणी कुठपर्यंत पोचतं? तिथे गहू. सीहोरचा शरबती दोन-तीन पाण्यांतही येतो.  हा गहू नोव्हेंबरात पेरायचा, म्हणून तिथे पंच्याण्णव-शंभर दिवसांचं जेएस ३३५ सोयाबीन चालतं. चढावर पाणी पोचत नाही, तिथे हरभरा. तो जमिनीतल्या ओलीवर ऑक्टोबराच्या मध्याला पडला पाहिजे, म्हणजे ते शेत लवकर मोकळं हवं. तिथे पंच्याऐंशी दिवसांचं जेएस ९५-६०.

आता पेरणीचा क्रम. शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिफण बाहेर काढायची नाही. त्यानंतर भारी जमिनीला ज्या दिवशी वाफसा येईल, त्याच दिवशी ती पेरायची. ती जमीन पुन्हा संधी कधी देईल, सांगता येत नाही. जमलं तर रुंद वरंबा-सरीवर पेरा, पाणी सरीतून निघून जातं. हलकी जमीन थांबू शकते. उघडीप मिळाली की दोन दिवसांत तिला वाफसा येतो. शिवाय तिथला लवकरचा वाण जूनच्या मध्यात पेरला तर ऐन पावसात पिकतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरला तर सप्टेंबराच्या अखेरीस काढणीला येतो. घाई उलट्या शेतात होते, हे मला फार उशिरा कळलं.

बैरसियाच्या याच रस्त्यावर नबीबागेत १९८८ पासून भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. एवढं शास्त्र दाराशी असताना अंदाजाने खत टाकू नका. यंदा बियाणं आणण्याआधी माती तपासून घ्या, आणि चढावरची माती नाल्याकाठच्या मातीत मिसळू नका. प्रत्येक शेताची पिशवी वेगळी ठेवा.