तीनदा खाली, दोनदा मधलं

(भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर बरंच, कारण आज सुरुवातीलाच तुम्हाला एक आवाज आठवायला सांगणार आहे.

रात्रीचा दीड वाजलाय. हॉलमधला टीव्ही चालू आहे, बाबा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेत. पिक्चर कधीच संपलाय. आणि गाण्याचा तीसेक सेकंदांचा एक तुकडा परत परत वाजतोय. तुकडा संपतो, क्षणभर शांतता, प्लेअरच्या पोटात बारीकसं खर्रर्र, की परत पहिल्यापासून सुरू. तुमच्यातल्या ज्यांचा जन्म २००० च्या आसपासचा आहे त्यांना हा आवाज नक्की आठवेल. डीव्हीडीचा मेन्यू. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सांगतो: डिस्क आत सरकवली की पिक्चर लगेच सुरू व्हायचा नाही. आधी एक पडदा यायचा. प्ले, सीन्स, साँग्स, सबटायटल्स. रिमोटच्या बाणांनी खाली-वर जायचं आणि मधलं बटण दाबायचं.

ते खर्रर्र का व्हायचं, ते मला फार उशिरा कळलं. डिस्क वाचणारा लेझर एकच. मेन्यूचा व्हिडिओ संपला की त्याला उडी मारून परत त्या व्हिडिओच्या सुरुवातीला जावं लागायचं. ती शांतता म्हणजे त्याचा प्रवास.

तर, मागच्या भागाच्या शेवटी मी सहज विचारलं होतं, तुम्हाला कसा मेन्यू आवडायचा? वाटलं होतं, दोन-चार जण उत्तर देतील. इतके व्हॉइस नोट आले की ऐकता ऐकता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आणि गंमत अशी, की 'आवडायचा' असा प्रश्न विचारूनही बहुतेकांनी तक्रारीच सांगितल्या. तब्बल पंधरा वर्षांनी! म्हणजे राग किती मुरलाय बघा.

सगळ्यात जास्त आलेली तक्रार माझीपण आहे. मेन्यूवर दोनच बटणं असायची. एक पांढरं, एक पिवळं. आता सांगा, निवडलेलं कुठलं? पिवळं की पांढरं? चार बटणं असली तर तीन एका रंगाची आणि एक वेगळं, म्हणून कळतं. दोनच असली की पन्नास-पन्नास. 'सबटायटल्स हवीत की नकोत' या पडद्यावर हे हमखास. मग दाबायचं आणि पिक्चर सुरू झाल्यावर बघायचं काय झालंय ते.

याचं कारण डीव्हीडीच्या बांधणीतच आहे. मेन्यूचं चित्र म्हणजे साधा व्हिडिओ असतो. त्यावर एक पातळ थर ठेवतात, ज्या थरात सबटायटल येतात तसलाच. त्या थरात एका वेळी चारच रंग बसतात, आणि त्यातला एक बहुधा पारदर्शक ठेवावा लागतो. बटण निवडलं की फक्त त्या थराचा रंग बदलतो. बटण मोठं होत नाही, हलत नाही, चमकत नाही. मग डिझायनरने मागच्या चित्राला शोभेल असा नाजूक सोनेरी रंग निवडला, की लांबून बघणाऱ्याचं कल्याण. डिझायनर मॉनिटरपासून दोन फुटांवर बसलेला असतो, आपण दहा फुटांवर दिवाणावर. हे दहा फूट कुणीच धरत नव्हतं.

दुसरी तक्रार, मेन्यूच गोष्ट फोडायचा. रहस्यपट लावलाय आणि मागे क्लायमॅक्सचे तुकडे फिरतायत. पंख्याला लटकलेला माणूस कोण ते आपल्याला पिक्चर सुरू व्हायच्या आधीच माहीत. सीन सिलेक्शनमध्ये तर शेवटच्या पानावरचे चौकोन बघितले की कोण जिवंत राहिलं याची यादीच मिळायची. माझा मावसभाऊ मेन्यू येताना डोळे मिटून रिमोट दाबायचा. आम्ही हसायचो. पण बरोबर होतं त्याचं.

याच्या अगदी उलटी मंडळीपण आहेत. ज्यांना मेन्यू म्हणजे पिक्चरचाच भाग वाटतो. एकीने 'मेमेंटो'च्या स्पेशल डीव्हीडीबद्दल भरभरून सांगितलंय. ती खरोखरच अजब आहे. त्या डिस्कचा मेन्यू मानसशास्त्राच्या चाचणीसारखा आहे. प्रश्न, चित्रं, शब्द. सरळ 'प्ले' असं लिहिलेलं काही नाही. पिक्चर उलटा सांगितलाय ना, तर सुलट क्रमाने बघायची सोयही त्यात कोड्याच्या आड लपवून ठेवलीय. पहिल्या 'हॅरी पॉटर'च्या दुसऱ्या डिस्कवर, वगळलेले सीन बघायचे तर आधी खेळ खेळून, कोडी सोडवून तिथवर पोचावं लागायचं. आणि डेव्हिड लिंचचं तिसरंच. त्याच्या 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या डीव्हीडीत चॅप्टरच नाहीत. पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा, मधे उड्या मारायच्या नाहीत, हे त्याचं मत.

मला स्वतःला लिंचचं पटतं, पण लाइट गेल्यावर नाही पटत. आमच्या कराडला लोडशेडिंग असायचं. दीड तास बघून झाल्यावर लाइट गेली, आली, की परत पहिल्यापासून फास्ट फॉरवर्ड. तेव्हा चॅप्टर म्हणजे देव.

हे सगळं हौशी लोकांचं झालं. मला आज जे खरं सांगायचंय ते माझ्या आजीचं आहे.

२००९. मी आठवीत. आमच्याकडे प्लेअर नुकताच आलेला. आधी व्हीसीडी होत्या, त्यात मेन्यूची भानगड फारशी नसायची. सीडी घातली की पिक्चर सुरू, अर्धा झाला की दुसरी सीडी घाला, बस्स. आजीला ते जमायचं. मग डीव्हीडी स्वस्त झाल्या. मोझर बेअरने २००७ मध्ये चौतीस रुपयांत डीव्हीडी आणली होती, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा पिक्चर टांगलेले दिसायला लागले. आजीसाठी बाबांनी एका जुन्या तमाशापटाची डिस्क आणली. पिक्चरचं नाव आणि कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्या डिस्कला नावं ठेवणार आहे.

आजीला पूर्ण पिक्चर नको असायचा. तिला गाणी हवी असायची. दुपारी दोन ते चार. आई पतसंस्थेत, बाबा कामावर, मी शाळेत. घरात ती एकटी. शाळा चौथीपर्यंत, मराठी वाचायची, पण मेन्यू सगळा इंग्रजीत. मराठी पिक्चर, मराठी गाणी, बघणारी माणसं मराठी, आणि मेन्यू इंग्रजी! हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू.

मग मी एक युक्ती केली. वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी कापली, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तीनदा खाली, दोनदा मधलं'. ती चिकटपट्टीने रिमोटच्या पाठीला लावली. म्हणजे तीन वेळा खाली गेलं की साँग्स, मधलं दाबलं की गाण्यांचं पान, परत मधलं दाबलं की सगळी गाणी ओळीने. तिला स्क्रीन बघायचीच गरज नव्हती. आठवड्याभरात पट्टीपण लागेना. बोटांना पाठ झालं. जपमाळ ओढावी तसं. मी शाळेतून आलो की म्हणायची, "आज दोनदा ऐकली रे सगळी."

पुढच्या वर्षी ती डिस्क शेजारी गेली आणि ओरखडे घेऊन परत आली. बाबांनी नवी आणली. तोच पिक्चर, कव्हर फक्त जरा चकचकीत. आम्ही कुणी लावून बघितलीसुद्धा नाही. बघायचं काय त्यात?

नव्या डिस्कवर मेन्यूचा क्रम बदलला होता. साँग्स वर सरकलेलं आणि चौथ्या जागी कंपनीच्या इतर पिक्चरच्या जाहिराती. तीनदा खाली, दोनदा मधलं, की जाहिराती सुरू. आणि त्या पुढे ढकलता येत नव्हत्या. डीव्हीडीत ही सोय मुद्दाम दिलेली असते बरं का. अमुक तुकडा चालू असताना रिमोटची अमुक बटणं चालणार नाहीत, असं डिस्क प्लेअरला सांगू शकते. कॉपीराइटची सूचना लोकांनी वाचावी म्हणून ती वापरायचे, आणि कुणीकुणी तीच जाहिरातींना लावायचे. तुम्ही बटण दाबलंत की कोपऱ्यात मनाईचं चिन्ह यायचं. काही प्लेअरवर हाताचा पंजा.

आजीला तो पंजा दिसला. तिने परत दाबलं, परत पंजा. मग तिने टीव्ही बंद केला आणि रिमोट फडताळात ठेवून दिला.

आम्हाला काहीच सांगितलं नाही. मला वाटलं, कंटाळली असेल. आईला वाटलं, दुपारी झोपत असेल. दोनेक महिन्यांनी दिवाळीच्या साफसफाईत रिमोट सापडला, तेव्हा मी विचारलं, "आजी, गाणी का लावत नाहीस गं?" तर म्हणाली, "माझ्या हातनं बिघडलं ते. तुझ्या बाबाला नको सांगूस, महागाचं असतंय."

दोन महिने ती बाई रोज दुपारी गप्प बसून होती. का, तर कुणीतरी मेन्यूतल्या दोन ओळींची अदलाबदल केली होती.

मी नवी पट्टी लिहिली: 'एकदा खाली, दोनदा मधलं'. ती लावायची गाणी नंतर, पण आधी हाक मारायची, कुणीतरी घरात असलं तरच. बोटांचा भरवसा गेला तो गेलाच.

म्हणून मला विचाराल, की कुठला मेन्यू चांगला, तर माझं उत्तर जरा वेडंवाकडं आहे. मी पाहिलेला सगळ्यात सोपा मेन्यू रस्त्यावरच्या 'सिक्स इन वन'चा होता. चोरीचा माल, चित्र धुरकट, त्याची बाजू मी घेत नाहीये. पण मेन्यू बघा: सहा पोस्टर, खाली एक ते सहा आकडे. रिमोटवरचा आकडा दाबा, पिक्चर सुरू. इंग्रजी यायला नको, बाण नकोत, पिवळं-पांढरं नको. ज्याने तो बनवला त्याच्याकडे वेळ नव्हता आणि हौस तर नव्हतीच, म्हणून तो नीट झाला.

डिस्नेनेही तेव्हा एक मार्ग काढला होता, फास्टप्ले नावाचा. डिस्क घाला आणि काहीच करू नका, आधी ट्रेलर आणि मग पिक्चर आपोआप सुरू. मेन्यू हवा असेल त्याने बटण दाबावं. लहान मुलांचे आई-बाप खूश. एका श्रोत्याला मात्र याचा राग आहे, "पिक्चरच्या आधी जाहिराती बघायला लावायची ती गोड पद्धत होती." तेही खरंच.

आता तुम्ही म्हणाल, दादा, डिस्क कोण वापरतं आता? नाही वापरत कुणी. नेटफ्लिक्सची सुरुवात १९९८ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून झाली होती, तीही सेवा २०२३ मध्ये बंद झाली. पण मेन्यू कुठे गेलाय? आपण ॲप उघडतो तो मेन्यूच आहे. आणि तक्रारी त्याच आहेत. न विचारता सुरू होणारे प्रीव्ह्यू आठवा. मेन्यूतल्या कर्कश गाण्याचीच ती पुढची पिढी. लोक इतके वैतागले की २०२० मध्ये नेटफ्लिक्सने ते बंद करायची सोय दिली.

फरक एकच आहे. आजीचा मेन्यू एकदा बदलला. आईचा रोज बदलतो.

आई आता निवृत्त झालीय. तिला टीव्हीवर ॲप घालून दिलंय. काल अर्धवट बघितलेली सिरीयल काल तिसऱ्या ओळीत होती, आज पाचव्या ओळीत, वर कुठला तरी नवा पिक्चर आडवा पडलेला. चित्रसुद्धा बदललेलं असतं, म्हणजे पोस्टर ओळखून शोधावं म्हटलं तरी पंचाईत. ती मला फोन करते. मी पुण्यात बसून विचारतो, "तुला आता काय दिसतंय?" ती सांगते, आणि माझ्या फोनवर काहीतरी वेगळंच दिसत असतं. पुठ्ठ्याची पट्टी लिहून द्यायची तर तिच्यावर लिहू काय?

मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "जाऊ दे, मीच काहीतरी दाबलं असेल."

हे ऐकून मी गाडी बाजूला घेतली. मग तिला सांगितलं, आई, तू काही दाबलेलं नाहीस. त्यांनी हलवलंय. आजीला हे वाक्य मी दोन महिने उशिरा सांगितलं होतं.

तर तुमच्या घरात कुणी असं असेल, तर एक करा. रिमोटवर माइकचं बटण असेल तर सिरीयलचं नाव बोलून शोधायला शिकवा. प्रीव्ह्यू बंद करून द्या. आणि मुख्य म्हणजे, एकदा दुपारी त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या जागेवरून, दहा फुटांवरून ती स्क्रीन बघा. मग मला व्हॉइस नोट पाठवा काय दिसलं ते. पुढच्या भागात ऐकवतो.

चला, आईचे दोन मिस्ड कॉल दिसतायत. सिरीयल हरवली असणार परत. भेटू.