नव्या धंद्याचें पहिलें भांडवल



घरांतील एखादा इंजिनियर मुलगा चांगली नोकरी सोडून स्वतःचा तांत्रिक धंदा काढण्याची गोष्ट बोलूं लागला, कीं वडील विचारतात, "पैसा कोठून आणणार?" माझ्या मतें हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, कीं आलेला पैसा मोबदल्यांत काय मागणार? रुपया सर्वत्र सारखाच. पण देणाऱ्यागणिक त्याच्या अटी बदलतात.

सर्वांत कमी मागणारा पैसा ग्राहकाचा. १९८१ सालीं सात इंजिनियरांनीं पुण्यांत इन्फोसिसचा आरंभ केला, तो सौ. सुधा मूर्ति यांच्या बचतींतील १०,००० रुपयांवर. हें शक्य झालें, कारण धंदा दुसऱ्याचें काम करून देण्याचा होता. तेथें बुद्धि हेंच मुख्य भांडवल असतें, आणि केलेल्या कामाचे पैसे ग्राहक देतो.

यंत्र बनविणाराची गोष्ट निराळी. तें तयार होऊन विकलें जाईपर्यंत खर्च तेवढा चालू राहतो. १९५७ सालीं अमेरिकेंत केन ऑल्सेन व हार्लन अँडरसन यांनीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन काढली, तेव्हां एका गुंतवणूक कंपनीनें त्यांना ७०,००० डॉलर दिले आणि सुमारें ७० टक्के मालकी घेतली. सौदा कडक खरा. परंतु भागांपोटीं आलेला पैसा धंदा बुडाल्यास फेडावा लागत नाहीं, हा त्याचा गुणही विसरूं नये.

मालकी कशी झिजते, याचा हिशेब करून पाहावा. समजा, धंद्याची किंमत ४ कोटि ठरली आणि १ कोटि नवे घेतले. म्हणजे पांचवा हिस्सा गेला व ८० टक्के उरले. पुन्हां तसाच व्यवहार झाला, कीं ६४ उरतात. म्हणून धंद्याचा कांहींतरी पुरावा हातीं येण्यापूर्वीं मोठी रक्कम घेणें महागांत पडतें.

हा पुरावा मिळविण्यासाठींच सरकारी अनुदान उपयोगीं पडतें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं सुरू केलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेंत कल्पना सिद्ध करून दाखविण्यासाठीं २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यांत आली. असल्या पैशाची किंमत मालकींत नव्हे, तर अर्ज, छाननी व हप्ते यांत जाणाऱ्या वेळांत द्यावी लागते.

बँकेचें कर्ज मालकी मागत नाहीं. पण धंद्याला उत्पन्न असो वा नसो, त्याचा हप्ता ठरल्या दिवशीं द्यावाच लागतो. म्हणून गिऱ्हाईक जमण्यापूर्वीं तें काढूं नये.

राहिला घरचा पैसा. तो मायेनें येतो, म्हणूनच त्याची अट कोणी उच्चारीत नाहीं, आणि पुढें मनें दुखावतात. देणगी, कर्ज कीं भागीदारी, हें वडील व मुलगा यांनींही कागदावर लिहून ठेवावें. जेवढा बुडाला तरी घराचा दिवा मंद होणार नाहीं, तेवढाच द्यावा. भविष्यनिर्वाहनिधि आणि राहतें घर यांना हात लावूं नये. धंदा फसला, तर त्या मुलानें परत यावें असें घर उरलें पाहिजे. त्याच्या धैर्याचें खरें भांडवल तेंच आहे.