मिठाचा खडा व तांब्याची तार



मिठाचा खडा पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकला तर त्याचा चुरा होतो. तांब्याची जाड तार तशीच ठोकली तर ती चपटी होते, फुटत नाही. आयनिक बंध व धातुबंध हा पाठ ह्या दोन ठोक्यांपासून आरंभावा, व्याख्येपासून नव्हे.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच. क्लोरीनच्या १७ पैकी बाहेर ७, म्हणजे आठास एक उणा. सोडियमने एक दिला व क्लोरीनने तो घेतला की पहिला धनभारित व दुसरा ऋणभारित आयन होतो, आणि विरुद्ध भार एकमेकांस ओढतात. येथपर्यंत बहुतेक फळ्यांवर बरोबर लिहिलेले असते. पण एका सोडियमकडून एका क्लोरीनकडे बाण काढून खडू खाली ठेवला जातो, आणि मिठात अशा सुट्या जोड्या असतात असा मुलांचा ग्रह होतो. वस्तुतः खड्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन व प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन असतात. कोण कोणाच्या जोडीचा, हा प्रश्नच तेथे संभवत नाही. ही बांधणी इतकी घट्ट की मीठ वितळावयास सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. मात्र ठोक्याने एक थर सरकला की समान भार समोरासमोर येतात, एकमेकांस दूर लोटतात व खडा फुटतो.

तांब्यात देणारा व घेणारा असे दोन पक्ष नाहीत. अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन गावच्या पाणवठ्याप्रमाणे सर्वांचे सामाईक असतात. दाखला अपुरा आहे, पण मुलांस कळतो. थर सरकले तरी हे इलेक्ट्रॉन त्यांस बांधून ठेवतात. म्हणूनच तांबटाच्या हातोडीखाली पत्र्याचा हंडा होतो. हेच इलेक्ट्रॉन वीजही वाहून नेतात. कोरड्या मिठात आयन जागीच जखडलेले असतात. पाण्यात ते मोकळे होतात व वीज वाहते.

हे करून दाखविताना राजापूरसारख्या भरपावसाच्या मुलखात शिक्षकाची फजिती होण्याचा संभव आहे. विजेरीचे चार सेल, एक लाल एलईडी, त्याच्याशी एकसर जोडलेला ४७० ओहमचा रोधक व दोन लोखंडी खिळे, एवढे साहित्य पुरे. परंतु आषाढ-श्रावणात बरणीतले खडेमीठ पाझरत असते. त्यातील मॅग्नेशियम क्लोराइडाचा अंश हवेतील ओल ओढून घेतो. अशा ‘कोरड्या’ मिठात खिळे खोवले की दिवा लागतो आणि मुले हसतात. त्या वेळी ‘पुस्तकात आहे तेच खरे’ म्हणून वेळ मारून नेणे शिक्षकास शोभत नाही. दिवाही खोटा नाही. मिठाचा थोडा भाग त्या ओलीत विरघळला आहे. तेच मीठ तव्यावर चांगले परतावे व निवताच पुन्हा तपासावे. आता दिवा लागत नाही. मग मुलांच्या हातूनच त्यात पाणी घालवावे.

घराच्या किंवा शाळेच्या विजेच्या जोडणीवर हा प्रयोग कदापि करू नये. मिठाच्या पाण्यातून जाणारी वीज ओल्या हातातूनही जाते, हे मुलांस प्रयोगाआधीच सांगावे.