सोबतीची युद्धनौका

हिंगोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजारातली हळद परदेशी जाते ती समुद्रावरूनच. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखाताजवळ व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा त्या वाटेवर राखणीला आपलं नौदल गेलं. बातम्यांत कधी 'विनाशिका' येते, कधी 'फ्रिगेट'. मोठी ती विनाशिका, लहान ती फ्रिगेट, असं आपण धरून चालतो. मूळ फरक मात्र कामाचा आहे.

विनाशिका जन्मली 1890च्या दशकात, ब्रिटनमध्ये. पाणतीर सोडून पळणाऱ्या चपळ बोटींना गाठायचं आणि मोठ्या युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर धावायचं, हे तिचं काम. म्हणून वेग आधी, बाकी सगळं नंतर. दुसऱ्या महायुद्धात गरज वेगळी निघाली. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजांचे तांडे बुडवत होत्या. तांडा चालतो सावकाश. त्याच्या सोबतीला विनाशिकेचा महागडा वेग काय कामाचा? हव्या होत्या स्वस्त, भराभर बांधून होतील आणि पाणबुडीचा माग काढतील अशा नौका. त्यातून आधी कॉर्व्हेट आली, मग फ्रिगेट. अमेरिकेने अशाच नौकांना 'डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट' म्हटलं आणि 1975 साली त्यांतल्या उरलेल्यांना फ्रिगेटच्या यादीत घातलं.

आज आकारावरून ओळखायला जाल तर फसाल. 1980 साली दाखल झालेली 'राजपूत' ही विनाशिका सुमारे 5,000 टनांची. 2025ची 'निलगिरी' फ्रिगेट असूनही सुमारे 6,670 टनांची. आपल्याकडे नावांची खूण बरीचशी उपयोगी पडते. विनाशिकांना बहुधा राज्यांची, शहरांची नावं. फ्रिगेटना डोंगरांची, नद्यांची. हिंगोलीच्या कयाधू नदीचं पाणी पैनगंगेवाटे शेवटी ज्या गोदावरीला मिळतं, तिचं नाव माझगाव गोदीत बांधलेल्या आणि 1983 साली दाखल झालेल्या फ्रिगेटला मिळालं होतं. 1988 साली मालदीवमधून ओलीस घेऊन पळणाऱ्या भाडोत्री सैनिकांचं जहाज अडवणाऱ्या नौकांत हीच 'गोदावरी' होती.

मला खरं बोलायचं आहे ते सोबतीच्या लहान नौकांबद्दल. 11 नोव्हेंबर 1942. हिंदी महासागरात 'ऑन्डिना' या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला आपल्या तेव्हाच्या नौदलाची 'बंगाल' होती, जेमतेम 650 टनांची. समोर दोन सशस्त्र जपानी जहाजं आली, प्रत्येक दहा हजार टनांवरचं. 'बंगाल'ने तेलवाहू जहाजाला निसटायला सांगितलं आणि स्वतः शत्रूच्या अंगावर गेली. त्या झुंजीत जपानी जहाजांपैकी 'होकोकू मारू' बुडालं. 'बंगाल' आणि 'ऑन्डिना' दोघी जखमी झाल्या, पण तरल्या.

दुसरी आठवण दुःखाची आहे. 9 डिसेंबर 1971च्या रात्री दीवजवळ पाणबुडीच्या शोधात निघालेल्या 'खुकरी'लाच 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर मारला. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले; कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. 'खुकरी' ही मुद्दाम काटकसरीने आखलेल्या ब्रिटिश वर्गातली फ्रिगेट होती. पाणबुडी नव्या बांधणीची आणि शोधणारी नौका आदल्या पिढीची, असं झालं की किंमत माणसांच्या जिवाने चुकती होते. म्हणून राखणदार नौकेत केलेली काटकसर मला काटकसर वाटत नाही.

163 मीटर लांबीच्या 'विशाखापट्टणम' या विनाशिकेचं छायाचित्र वर्तमानपत्रात ठळक येतं, आणि यावंच. पण 18 जून 2025 रोजी दाखल झालेल्या 'अर्नाळा'कडेही पाहा. वसईजवळच्या किल्ल्याचं नाव मिळालेली ही 77 मीटरची नौका किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकते. असल्या सोळा नौकांची मागणी नोंदवली आहे. बंदरातून निघणारं प्रत्येक मालवाहू जहाज याच उथळ पाण्यातून जातं, त्यामुळे या सोळांपैकी एकीलाही उशीर होता कामा नये.