बिलाच्या आधी टेस्ट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)

आपली मेंटेनन्सची बिलं आता पीएचपीतल्या छोट्या प्रोग्रामवर निघतात, हिशेब मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये असतो. हे काम मी हौसेने शिकतोय. खजिनदारकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बिल बरोबर आहे, हे तपासणार कोण?" रास्त प्रश्न. शेजाऱ्याच्या नावावर नसलेली थकबाकी लागली, की जिन्यात बोलणं बंद!

त्यासाठी टेस्ट लिहितात, म्हणजे प्रोग्राम तपासणारा दुसरा प्रोग्राम. समजा, थकबाकीवर 21 टक्के सरळव्याज आहे. 2000 रुपये तीन महिने थकले तर व्याज 105 रुपये. हे आधी कागदावर काढलं, मग पीएचपीयुनिटमध्ये लिहिलं. दरमहा चक्रवाढ घुसलं तर 106.85 येतं. एवढासा फरक नजरेतून सुटतो, टेस्टमधून नाही.

खरी गोम डेटाबेसची. खऱ्या नोंदींवर टेस्ट चालवायचीच नाही, कुणाची पावती पुसली जायची! वेगळा डेटाबेस करायचा, त्यात तीनच खोटे सभासद: वेळेवर भरणारा, थकवणारा आणि आगाऊ भरणारा. (तिसरा खरोखर कुठे असेल तर भेटवा.) प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये सुरू करायची आणि शेवटी रोलबॅक, म्हणजे पाटी कोरी. नाहीतर पहिल्या टेस्टमध्ये भरलेले पैसे दुसरीला दिसतात.

आता भाडेकरू ठेवलेल्या फ्लॅटच्या नॉन-ऑक्युपन्सी शुल्काची टेस्ट राहिलीय. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नये. कॉलेजातल्या मुलांनी रविवारी ऑफिसात यावं. लॅपटॉप आहे, उपविधींचं पुस्तक मात्र काकांकडून मागून आणा.