लाकडी घोड्यांची गोष्ट



जत्रेतलं घोड्यांचं चक्र लहानपणी मी लांबूनच बघायचे. आईकडे पैसे नाहीत, हे कळायचं. पण पैसे असूनही 'तू बसायचं नाहीस' असं कुणी म्हटलं असतं तर?

अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीच्या काठावर ग्लेन एको नावाचं उद्यान आहे. १८९१ साली ही जागा लोकशिक्षणाच्या व्याख्यानांसाठी सुरू झाली. पुढे तिथे पाळणे आले. शहरातून ट्राममध्ये बसून लोक खेळायला यायचे. १९२१ साली लाकडी प्राण्यांचं चक्र आलं. त्यात ४० घोडे, ४ ससे, ४ शहामृग, शिवाय जिराफ, हरीण, सिंह आणि वाघ! पण काळ्या लोकांना तिथे प्रवेश नव्हता.

३० जून १९६० रोजी काही काळे विद्यार्थी आत गेले आणि तिकिटं घेऊन त्या घोड्यांवर बसले. पहारेकऱ्याने एकाला वंश विचारला. तो म्हणाला, मी मनुष्यवंशाचा. त्या दिवशी पाच जणांना अटक झाली. मग शेजारच्या वस्तीतले गोरे स्त्री-पुरुषही त्यांच्या बाजूने उभे राहिले. उन्हाळाभर फाटकाबाहेर फलक घेऊन निदर्शनं चालली. १९६१ साली उद्यान सर्वांना खुलं झालं. अटक झालेल्यांची शिक्षा १९६४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

मला महाडचं चवदार तळं आठवलं. तिथे पाण्याचा हक्क होता, इथे खेळण्याचा. मुलांचं खेळणं ही काही चैन नव्हे.

१९६८ साली उद्यान बंद पडलं. १९७० साली ते चक्रही विकलं गेलं. तेव्हा आसपासच्या लोकांनी वर्गणी काढून सुमारे ८०,००० डॉलर जमवले आणि चक्र परत विकत घेतलं. आज ही जागा राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. तिथे कलेचे वर्ग भरतात, नाच होतात आणि ते चक्र अजून फिरतं.

आमच्या बचतगटात एखादी म्हणते, "ताई, माझ्या शंभर रुपयांनी काय होणार?" तिला मी आता ही वर्गणीची गोष्ट सांगते.

आणि मैत्रिणींनो, यंदा जत्रेत एक करा. पाळण्यापासून कोणती मुलं लांब उभी आहेत, ते बघा. ती का लांब आहेत, हेही विचारा. आपल्या लेकराबरोबर त्यांतल्या एकाला तरी घोड्यावर बसवा.